अध्यक्षताई बोलत नाहीत, असं तुम्ही म्हणता

पत्र थोडक्यात : पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक लिहितात. ते मूळचे मराठवाड्यातले, या शाळेत त्यांचं सहावं वर्ष. पटावर ४१ मुलं, दोन सोडली तर सगळी वारली समाजातली. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षा पाड्यावरच्याच, चाळिशीच्या, दुसरीपर्यंत शिकलेल्या. बैठकीला येतात, दाराजवळ बसतात, काही विचारलं तर 'गुरुजी म्हणतील तसं' म्हणतात आणि सही करून जातात. केंद्रप्रमुखांसमोर तर त्यांनी तोंडच उघडलं नाही. आता समितीची दोन वर्षांची मुदत संपते आहे. त्याच पाड्यावर बारावी झालेला, जीप चालवणारा, चारचौघांत धीटपणे बोलणारा एक तरुण बाप आहे. 'त्याला अध्यक्ष केलं तर शाळेचं भलं होईल, पण ताईंचा अपमान होईल का? सहकारी म्हणतात, सह्या होताहेत ना, मग मोकळे व्हा. मला मात्र नावापुरतं नको, खरं आदिवासी नेतृत्व हवं आहे. समाजाला मुख्य प्रवाहात आणायचं आहे. काय करू?'

गुरुजी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी पूर्ण तुमच्या बाजूची होते. दुसऱ्यांदा वाचताना शेवटून दुसऱ्या पानावरच्या एका वाक्याशी अडले. तुम्ही लिहिता, 'फेब्रुवारीची बैठक पुढे ढकलावी लागली, कारण अध्यक्षताई शेजारच्या पाड्यावर लग्न लावायला गेल्या होत्या, त्या धवलेरी आहेत.' आणि पुढच्याच ओळीत स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीकडे वळता.

धवलेरी! अहो, वारल्यांचं लग्न लावते ती. भटजी नाही, पोथी नाही. विधी पुढे सरकतात ते तिच्या गाण्यांवर. आता काय करायचं, कुणी पुढे यायचं, कुणाला बोलवायचं राहिलं, सगळं त्या गाण्यांत, आणि सगळं तोंडपाठ. तासन्‌तास. समोर दोन्हीकडचं वऱ्हाड, एखादा रुसलेला मामा, परतायची घाई झालेले पाहुणे. इतक्या माणसांना जी बाई हलू देत नाही, तिला तुमच्या कार्यालयात चौदा माणसांपुढे बोलता येत नाही, असं तुमचं निदान आहे. मला वाटतं, निदान बाईचं करण्याऐवजी आधी खोलीचं करू.

बैठक कधी असते? अकरा वाजता, कामाच्या दिवशी. म्हणजे ताईंचा त्या दिवसाचा रोज बुडतो. बसायचं कसं? तुम्ही दोघे शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य खुर्च्यांवर, बाकीचे सतरंजीवर. (हे तुम्हीच लिहिलं आहे, मनचं सांगत नाही.) आणि भाषा? तुम्ही सोबत पाठवलेल्या प्रोसिडिंगच्या फोटोतली एक ओळ इथे उतरवते : 'विषय क्र. ३ – शाळा विकास आराखड्यास कार्योत्तर मंजुरी प्रदान करणेबाबत.' मी गेली पस्तीस वर्षं मराठी लिहून पोट भरते. या वाक्यावर मलाही 'गुरुजी म्हणतील तसं' एवढंच सुचलं असतं.

तुमची चूक काढायला हे लिहीत नाही, कारण हीच चूक मी स्वतः केलेली आहे. पूर्वी एका संस्थेसाठी मी समित्यांची प्रशिक्षणं घ्यायचे. एकदा तालुक्याच्या गावी, पंख्याखाली, पंचवीसेक आदिवासी बायांना तीन तास 'पोषण आहाराचं सनियंत्रण' शिकवलं. तक्ते लावले, 'बोला, बोला, घाबरू नका' असं दहादा म्हटलं. कुणी बोललं नाही. संध्याकाळी सगळ्या एसटीची वाट बघत उभ्या होत्या. बाजूच्या शाळेत टेम्पोतून तांदळाची पोती उतरत होती. त्यांतली एक जण सहज पुढे गेली, एक पोतं पाठीवर घेतलं, दोन पावलं चालली आणि खाली टाकून म्हणाली, 'हे पन्नास किलो नाय.' दुसरीने उचललं. तिसरीने उचललं. रोज डोंगरातून सरपणाचा भारा आणणाऱ्या पाठी त्या, त्यांना काटा कशाला लागतो? मग टेम्पोवाल्याची जी उलटतपासणी झाली, ती ऐकून मी माझे तक्ते गुंडाळून पिशवीत खोल दडपले. सनियंत्रण म्हणजे काय ते त्या दिवशी मी शिकले. त्यांना तो शब्द तेवढा माहीत नव्हता.

आता तुमचा मुख्य प्रश्न : ताई की तो तरुण?

गुरुजी, थोडं स्पष्ट लिहिते. हा प्रश्न तुमचा नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलं आहे. पालक सदस्य पालकांच्या सभेतून येतात आणि अध्यक्ष त्या पालकांमधून निवडला जातो. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतो. सचिवाने सभा बोलवायची, कागद ठेवायचे, झालेलं नीट लिहायचं. अध्यक्ष 'करायचा' अधिकार त्याला कुणी दिलेला नाही. आपल्याकडे तसं सर्रास होतं, हे मलाही ठाऊक आहे. पण 'मला खरं आदिवासी नेतृत्व हवं' आणि 'त्याला अध्यक्ष केलं तर' ही दोन वाक्यं तुमच्या पत्रात एकाच पानावर आहेत, ती एकमेकांशेजारी ठेवून पाहा. नेता आपण नेमायचा आणि मग तो खरा निघाला पाहिजे, हे कसं जमायचं?

दुसरं, आणि मला जास्त बोचलं ते : सहा पानांच्या पत्रात ताईंचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे, 'गुरुजी म्हणतील तसं.' त्यांना पुढची दोन वर्षं हे काम करायचं आहे की नाही, हे तुम्ही विचारल्याचं कुठे दिसत नाही. कदाचित त्या कंटाळल्या असतील. कदाचित त्यांना बरंच काही म्हणायचं असेल. अपमान होईल का, हा प्रश्न तुम्ही मला विचारलात, पाचशे मैलांवरून. त्या तुमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहतात.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर माझ्यावरच आळ यायचा. शाळा शिकलेली नाही म्हणजे बाई आपोआप शहाणी, हाही भाबडेपणाच. तो बारावी झालेला पोरगा जीप चालवतो, मोबाइलवर सरकारी आदेश वाचतो, साहेबाला साहेब म्हणून घाबरत नाही. तोही वारलीच आहे, त्याचंही नेतृत्व आदिवासीच. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत आणि देशी बियाण्याच्या कामासाठी त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. जयपालसिंग मुंडा ऑक्सफर्डला शिकले, १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये हॉकी संघाचे कप्तान होते, आणि संविधान सभेत त्यांनी ठणकावून सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडूनच शिका. एकाच्या हातात पदवी होती, दुसरीच्या नाही. तेव्हा शिक्षण हा निकष लावूही नका आणि उलटा फिरवूही नका. पालकांनी त्या तरुणाला निवडलं तर खुशाल निवडू दे. फक्त त्याच्या निवडीचं कारण 'तो साहेबांसमोर बरा दिसतो' हे नसावं. तसं असेल तर सहा महिन्यांत तो पाड्याचा माणूस राहणार नाही, शाळेचा होईल, आणि मग पाड्यावर बोललं जाईल ते तुमच्यापर्यंत पोचणंच बंद होईल.

मग करायचं काय? माझ्या मते आधी सभा शाळेतून उचला. पाड्यावर न्या, दिवेलागणीनंतर, कुणाच्या तरी अंगणात. खुर्ची नेऊ नका, स्वतःसाठीही नको. या मुलखात ही काही नवी कल्पना नाही. तुमच्याच जिल्ह्यात, आधी बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हेच केलं. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच गुरांमागे नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. त्यांना जे मुलांसाठी सुचलं, ते तुम्ही पालकांसाठी करा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत सभा ठेवूच नका. आणि दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात, तेव्हा वर्षाचे मोठे निर्णय त्याआधी उरका, नाहीतर कोरम कागदावरच भरेल.

सभेच्या दोन-तीन दिवस आधी विषय तोंडी सांगा. पाच विषय नकोत, दोन पुरेत. 'आराखड्यास मंजुरी' असं नाही, तर 'येत्या वर्षी शाळेला आलेल्या पैशात आधी काय करायचं, पाण्याची टाकी की कुंपण?' असं. पैसे किती आले, किती गेले, हे पासबुक हातात देऊन सांगा. पाड्यावर उसनवारीचे आणि मजुरीचे हिशेब वर्षानुवर्षं डोक्यात ठेवणारी माणसं आहेत, शाळेचा हिशेब त्यांना जड जाणार नाही. बोलणं वारलीत होऊ दे. लिहिणं मराठीत करा, पण लिहून झाल्यावर तिथेच, सगळ्यांसमोर, वाक्यावाक्याने वारलीत सांगा आणि मगच सही घ्या. आधी सही, मजकूर मागाहून, ही सवय तुमच्या शाळेत नसेल असं मी धरून चालते. असेल तर आजपासून बंद.

आणि इथे तो जीपवाला तरुण लागतो. वाचून दाखवायला, साहेबांचं बोलणं इकडे आणि पाड्याचं तिकडे पोचवायला. सदस्य म्हणून त्याला हे काम देता येईल. अध्यक्षाने सगळं स्वतःच बोललं पाहिजे असा नियम कुठे आहे? मोठमोठे मंत्रीसुद्धा सचिवांनी लिहून दिलेलं वाचतात, त्यांना कुणी मुके म्हणत नाही.

एक प्रश्न तुम्हाला. सहा वर्षांत वारली तुम्हाला किती आली? पहिलीतलं पोर शाळेत येतं तेव्हा तुमची मराठी त्याला निम्मीशिम्मी कळते. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी, हे संविधानाच्या ३५०-अ कलमात आहे. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. कायद्याचं राहू दे, पण रोज संध्याकाळी अर्धा तास ताईंकडे किंवा कुणा आजीकडे बसून शब्द लिहून घेतलेत तर दोन गोष्टी होतील. तुमचा पहिलीचा वर्ग सुधारेल. आणि तिथे चुकणारे, अडखळणारे, 'असं नाय, असं' म्हणून दुरुस्त होणारे तुम्ही असाल. अध्यक्षताईंनी गुरुजींना दुरुस्त केलेलं पाड्याने एकदा पाहिलं की सभेत दुरुस्त करायला त्यांना वेगळा धीर लागणार नाही.

हे सगळं जमलं तर पुढे तुमची खरी कसोटी आहे, आणि त्याबद्दल तुमच्या पत्रात चकार शब्द नाही. समिती बोलायला लागली तर तुम्हाला न पटणारं बोलेल. समजा सभेत ठरलं की वाघबारशीला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावरच्या वाघदेवाच्या सणाला, शाळा बंद पाहिजे, किंवा आवणीत आठ दिवस शाळा सकाळची करा. तुम्हाला लगेच परिपत्रक आठवेल. थांबा. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास भरले पाहिजेत, हे खरं. त्या चौकटीत मुख्याध्यापकाच्या अधिकारातल्या सुट्ट्या आहेत, वेळ बदलायला वरिष्ठांना लिहिता येतं. ठराव घ्या, वर पाठवा, उत्तर आलं की ते सभेत वाचून दाखवा, नकार आला तरी. आपण ठरवलेलं कागदावर चढतं आणि कुठवर जातं, हे एकदा दिसलं की माणसं बोलतात. दोनदा बोलून काहीच झालं नाही तर 'गुरुजी म्हणतील तसं' हेच शहाणपणाचं उत्तर ठरतं. ताईंचं ते वाक्य मला तरी भित्रेपणाचं वाटत नाही, अनुभवाचं वाटतं.

तुमचा तालुका अनुसूचित क्षेत्रातला. म्हणजे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू आहे आणि त्याचे राज्याचे नियम २०१४ साली आले. सामाजिक क्षेत्रातल्या संस्था आणि त्यांचे कर्मचारी यांच्यावर ग्रामसभेचं नियंत्रण असावं, असं हा कायदा म्हणतो. त्यात शाळा आली, आणि गुरुजी, तुम्हीही आलात. पेसा ग्रामपंचायतींना मिळणारा आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी शिक्षणावरही खर्च करता येतो. समितीने एखादी गरज ठरवली तर ती ग्रामसभेत नेण्याचा रस्ता मोकळा आहे. हे ताईंना आणि त्या तरुणाला तुम्ही सांगितलंत तर तुमच्याच डोक्यावर एक मालक बसवल्यासारखं होईल. म्हणूनच बहुतेक जण सांगत नाहीत.

हे टोकाला जातं तेव्हा कसं दिसतं? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. गोंडीत शिकवणारी, गोटुलाच्या, म्हणजे तरुण मुलं जिथे जमून शिकतात त्या गोंडांच्या गावघराच्या, परंपरेशी नातं सांगणारी. पुढे प्रशासनाने मान्यता नाही म्हणून नोटीस काढली आणि ग्रामसभा उच्च न्यायालयात गेली. त्याच तालुक्यातलं मेंढा (लेखा) 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणत उभं राहिलं आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत गणलं गेलं. तुमच्या पाड्याने उद्या असंच करावं असं मी म्हणत नाही, ते त्यांचं ते ठरवतील. पण 'खरं आदिवासी नेतृत्व हवं' म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर नऊ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, फेटा बांधून आभार मानणारा अध्यक्ष असेल, तर ते आधीच स्वतःशी कबूल केलेलं बरं.

'मुख्य प्रवाह' या शब्दाबद्दलही थोडं. कुठला प्रवाह, आणि मुख्य कुणाचा? मे १९४५ मध्ये तुमच्या जिल्ह्यातल्या झरी गावी हजारो वारली जमले, गोदावरी आणि शामराव परुळेकर हे दांपत्य आणि त्यांची किसान सभा सोबत होती, आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं, ती लग्नगड्याची चाल त्यांनी मोडली. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तेव्हा प्रवाह त्यांनी वळवला होता. पाड्याच्या बाजूने पाहिलं तर बाहेरचे तुम्ही आहात. सामावून घ्यायचं असेल तर ते त्यांनी तुम्हाला. सहा वर्षांत तुम्हाला कुणी वाघबारशीला बोलावलं का? बोलावलं असेल तर तुमचं पुष्कळ काम झालेलं आहे, पत्रात लिहायचं राहिलं एवढंच.

शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं 'काढून घेतली', त्याचा फोटोही तुम्ही पाठवलात. सुबक आहेत. पेंटर तालुक्याहून आणला, असं लिहिलंय. गुरुजी, वारली चित्र मुळात लग्नातलं. घरातल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. डहाणूच्या जिव्या सोमा म्हशे यांनी ते लग्नाच्या बाहेर, रोजच्या कागदावर आणलं आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. ज्या बाईसमोर आयुष्यभर चौक लिहिले गेले, ती अध्यक्ष असताना भिंतीसाठी पेंटर तालुक्याहून? तिला कुणी विचारलं असतं तर ती कदाचित म्हणाली असती, ही चित्रं शाळेवर नकोत. किंवा म्हणाली असती, ही नकोत, ती काढा. दोन्ही उत्तरं तुम्हाला उपयोगी पडली असती.

याच ओघात एक सावधगिरी, कारण हे वाचून तुम्ही उत्साहात याल असा मला अंदाज आहे. ताईंना स्नेहसंमेलनात धवले गायला उभं करू नका. ती लग्नाची गाणी आहेत, लग्नाशिवाय गायची की नाही हे त्या ठरवतील. मुलांना काय शिकवायचं, काय घरातच राहू द्यायचं, हा निर्णय ज्यांचं ज्ञान त्यांचा. त्या नाही म्हणाल्या तर तेही नेतृत्वच.

मेळघाटात कोरकू मुलांना, भामरागडला माडिया मुलांना, यवतमाळात कोलाम मुलांना शिकवणारे शिक्षक हे सदर वाचतात, त्यांची पत्रं येतात. तुमच्याकडे धवलेरी नसेल, पण असं कुणीतरी असेलच, ज्याच्या शब्दावर भांडण मिटतं, पेरणीचा दिवस ठरतो, रात्री-अपरात्री ज्याला उठवलं जातं. तो माणूस समितीत आहे का ते बघा. नसेल तर तो सभेला का आला नाही, हे त्यालाच विचारा. 'पालक उदासीन आहेत' हे वाक्य मात्र अहवालात लिहिण्याआधी सभेची वेळ एकदा तपासा.

गुरुजी, तुमच्या सहकाऱ्यांचा 'मोकळे व्हा' हा सल्ला सोपा होता आणि तो तुम्ही घेतला नाहीत. सहा पानं लिहिलीत. तुमच्याबद्दल मला त्यातूनच खात्री वाटते. नव्या समितीची पालक सभा लावण्याआधी एका संध्याकाळी ताईंच्या घरी जा. पुढची दोन वर्षं हे काम करायला आवडेल का, आणि करायचं तर काय बदलायला हवं, एवढंच विचारा. उत्तर लगेच येणार नाही. चहा येईल, पोराबाळांच्या गोष्टी निघतील, कदाचित दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी हाती निरोप येईल. येऊ द्या. आणि जाताना रजिस्टर घरीच ठेवा.